गिरणगाव एका दिवसात पायी कसं बघायचं: भायखळा ते लोअर परळ

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, गिरणगाव नावाचं स्टेशन नाही, तिकीटखिडकी नाही, "इथून सुरू" असा बोर्डही नाही. भायखळा, चिंचपोकळी, काळाचौकी, लालबाग, परळ, नायगाव, वरळी, लोअर परळ हा मुंबईतला सगळा कापडगिरण्यांचा पट्टा मिळून गिरणगाव, आणि बघायचं ते कधी भिंतीमागे असतं, कधी एखाद्या टॉवरच्या नावात, कधी नाक्यावर पेपर वाचत बसलेल्या काकांच्या तोंडी. त्यामुळे गूगल मॅपवर पिन टाकून इथे फार काही सापडत नाही. माझे आजोबा साचेवाले होते म्हणजे लूमवर, कापड विणायच्या यंत्रावर, आणि आजी लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा माणसांची खानावळ चालवायची, त्यामुळे हा भाग मी लहानपणापासून बघतेय आणि आता कुणी पाहुणे आले की मीच त्यांना फिरवते. तेच सगळं इथे क्रमाने सांगते.

कधी जायचं

शनिवार सगळ्यात बरा. रविवारी रस्ते मोकळे असतात पण मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो आणि स्लो गाड्यांचं काही खरं नसतं. बुधवार अजिबात नको कारण राणीची बाग आणि तिथलं भाऊ दाजी लाड म्युझियम दोन्ही बुधवारी बंद. पावसाळ्यात जोराचा पाऊस असेल तर परळ-हिंदमाताला पाणी भरतं हे मुंबईकरांना सांगायला नकोच, बाहेरून येणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा. गणपतीच्या दहा दिवसांत हा फेरफटका करू नका, लालबागमधे पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवसांत गणपतीच बघायला या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळी ९ ला सुरू केलं तर ४-५ वाजेपर्यंत आरामात होतं, चालणं साधारण सात-आठ किलोमीटर होईल. साधे बूट, पाण्याची बाटली, टोपी, सुट्टे पैसे. बाथरूमची सोय म्युझियममधे आहे आणि शेवटी मॉलमधे आहे, मधल्या पट्ट्यात हॉटेलमधे जेवाल तेव्हाच उरकून घ्या. गाडी आणू नका, पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जाईल.

निघण्याआधी दहा मिनिटांचा अभ्यास

थोडं माहीत असेल तर दिसतं, नाहीतर नुसत्या पडक्या भिंती. तर, १८५४ मधे कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी काढायचं ठरवलं आणि १८५६ ला ती चालू झाली. मग अमेरिकेत यादवी युद्ध झालं, १८६१ ते ६५, तिथला कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे पैसा आला. पुढच्या काही दशकांत गिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून, सगळ्या घाटावरून माणसं आली. बायकामुलं गावी, पुरुष इथे, एका खोलीत एका गावचे वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे, एक कामावर गेला की दुसरा त्याच जागेवर आडवा.

आणि १८ जानेवारी १९८२ ही तारीख. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हळूहळू गिरण्या बंद पडत गेल्या, काही चालल्या पण माणसं कमी करून. आमच्या घरात अजूनही कुठलीही गोष्ट "संपाच्या आधी" किंवा "संपानंतर" अशीच सांगतात.

दुसरं, गिरणी ओळखायची कशी. चिमणी तर सगळ्यांना कळते, बॉयलरचा धूर ओढून वर न्यायला ती एवढी उंच लागायची. पण छपराकडे बघा, करवतीच्या दातांसारखं असतं, एक बाजू उतरती पत्र्याची किंवा कौलांची आणि दुसरी उभी काचेची, आणि ती काच उत्तरेकडे तोंड करून. कारण उत्तरेकडून सरळ ऊन येत नाही, सारखा उजेड येतो, आणि सूत तुटलं की साचेवाल्याला लगेच दिसतं. बऱ्याच गिरण्यांच्या आवारात तलाव असायचा, वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं. आणि गेटजवळ टाइम ऑफिस, तिथे हजेरी. आतमधे खाती, म्हणजे डिपार्टमेंट: कापूस पिंजायचा, कार्डिंग म्हणजे तंतू विंचरून सरळ करायचे, मग रिंगवर सूतकताई, मग सुताला कांजी लावायचं सायझिंग, मग साचाखातं म्हणजे विणकाम, मग ब्लीचिंग, डाइंग, फोल्डिंग. मुंबईच्या दमट हवेत सूत कमी तुटायचं हे इथे गिरण्या चालायचं एक मोठं कारण होतं.

पहिला टप्पा: भायखळा

भायखळ्याला फास्ट लोकलही थांबते. उतरल्यावर लगेच बाहेर धावू नका, स्टेशनची जुनी दगडी इमारत बघा, नीट डागडुजी करून पुन्हा उभी केलीय आणि त्या कामाला २०२२ मधे युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी ह्याच मार्गावरून गेली. रेल्वे आली म्हणून वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईत पोचायला लागला, त्यामुळे गिरणगावाची सुरुवात इथून करणं मला बरोबर वाटतं.

पूर्वेला बाहेर पडून डॉ. आंबेडकर रोडने दहा-बारा मिनिटं चाललं की राणीची बाग. आत शिरताना म्युझियम. १८७२ चं, तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड. हे मुळात इथल्या कच्च्या मालाचं आणि कारागिरीचं म्युझियम म्हणूनच जन्माला आलं. खालच्या मजल्यावरच्या सुंदर वस्तूंपुढे लोक खूप वेळ घालवतात, मी म्हणेन वर जा, मातीच्या छोट्या बाहुल्या आणि देखावे आहेत, कोण कुठला धंदा करायचा, कसे कपडे घालायचा, मुंबई सात बेटांची कशी जोडत आणली ते नकाशे. लहान मुलं बरोबर असतील तर इथेच त्यांना सगळं सांगून टाका, पुढे रस्त्यावर ती ऐकणार नाहीत. बाहेरच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. तास-सव्वा तास पुरे. पेंग्विन बघायला थांबलात तर मात्र लालबागला पोचेपर्यंत दुपार होईल. निघण्याआधी म्युझियम उघडं आहे ना हे त्यांच्या साइटवर बघाच, दुरुस्तीसाठी मधेमधे बंद असतं.

दुसरा टप्पा: चिंचपोकळी आणि काळाचौकी

परत स्टेशनवर या आणि स्लो गाडीने पुढचंच स्टेशन चिंचपोकळी. फास्टमधे चढलात तर थेट दादरला जाल. पुलावरून पूर्वेला या. इथला चिंतामणी १९२० पासूनचा गणपती. आंबेडकर रोड ओलांडून दत्ताराम लाड मार्गाने काळाचौकीकडे चालत जा, दहा-पंधरा मिनिटं. इंडिया युनायटेड मिल नंबर २-३ ची जागा इकडे आहे. पालिका इथे वस्त्रोद्योग संग्रहालय उभं करतेय, बरीच वर्षं काम चाललंय, आत सोडतायत का ते गेटवर विचारा. नाही सोडलं तरी कुंपणाच्या बाजूने एक चक्कर मारा, गिरणीचा आवाका किती मोठा असायचा ते चालल्याशिवाय कळत नाही. आजोबा म्हणायचे की गेटपासून साच्यापर्यंत पोचायलाच पाच मिनिटं लागायची आणि भोंगा झाल्यावर एक मिनिट उशीर झाला तरी हजेरी जायची.

एक विनंती, बंद गिरण्यांमधे भिंतीवरून उडी मारून जायचा प्रयत्न करू नका. फोटोसाठी मुलं जातात. छपरं कुजलेली आहेत, जमिनीत उघडे खड्डे आहेत, आणि ती खाजगी किंवा सरकारी जागा आहे.

तिसरा टप्पा: लालबाग, इथे वेळ द्या

माझ्या मते ह्या सगळ्या दिवसाचा जीव लालबागमधे आहे. मागे येऊन आंबेडकर रोडने उत्तरेला चला, फ्लायओव्हर डोक्यावर राहील, तुम्ही खालून. आधी चिवडा गल्ली, दोन्ही बाजूला चिवडा-फरसाणाची दुकानं. मग मिरची-मसाल्याचा बाजार, एप्रिल-मे मधे आलात तर वर्षभराच्या मसाल्याची कांडपं चालू असतात आणि रस्त्यावरून जाताना डोळ्यातून पाणी येतं. मालवणी मसाला कुठल्या मिरचीचा, घाटी कुठल्या मिरचीचा, हे तिथे विचारा, ह्या एका बाजारात कोकण आणि घाट दोन्ही भेटतात कारण गिरणीतही ते असेच शेजारी शेजारी उभे होते.

गणेश गल्लीचा गणपती १९२८ पासून, लालबागचा राजा १९३४ पासून. राजा कोळी बांधवांनी आणि बाजारातल्या विक्रेत्यांनी बाजाराला पक्की जागा मिळावी म्हणून बोललेल्या नवसाचा. एरवीच्या दिवसांत गल्ल्या शांत असतात, चाळींची लाकडी सामायिक गॅलरी, जिन्याखालची सायकल, व्यायामशाळा, मंडळाची खोली हे सगळं तेव्हाच नीट दिसतं. इथे वागायचं कसं हे सांगायला हवं: चाळ म्हणजे कुणाचं तरी घर आहे. गॅलरीत शिरून फोटो काढू नका, खाली कुणी बसलं असेल तर "काका, बघू का जरा?" म्हणून विचारा, दहातले नऊ जण स्वतः वर नेतात. आणि साठी-सत्तरीतलं कुणी भेटलं तर एवढाच प्रश्न विचारा, "कुठल्या मिलमधे होतात, कुठलं खातं?" बस, पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलायची गरज नाही. फक्त संपाबद्दल आपण होऊन खोदू नका. ते बोलले तर ऐका. घरं गेली आहेत त्यात, मुलांची शिक्षणं गेली आहेत.

जेवण इथेच करा. लाडू सम्राट आहे, मिसळ, कोथिंबीर वडी, लाडू वगैरे, आणि आसपास मालवणी जेवणाची छोटी हॉटेलं आहेत. खानावळ हा शब्द इथे नुसता जेवायची जागा म्हणून वापरू नका एवढं मला मनापासून सांगायचंय. घर सोडून आलेल्या कामगारांना महिन्याच्या हिशोबाने जेवू घालणाऱ्या बायका होत्या, तीन पाळ्यांची तीन जेवणं, पगार झाला की पैसे, संप असला की उधारी. माझ्या आजीची १९८२ ची वही आमच्याकडे आहे, त्यात फेब्रुवारीपासून पुढे जमेच्या बाजूला काही लिहिलेलंच नाही. ह्याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मधे अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून.

जेवून पुढे चाललात की भारतमाता सिनेमा. गिरणीच्या जागेवरचं सिंगल स्क्रीन आणि मराठी सिनेमाचं हक्काचं थिएटर. मराठी सिनेमा लागलेला असेल आणि वेळ असेल तर पुढचा टप्पा सोडा आणि तिकीट काढा, मी खरंच सांगतेय.

चौथा टप्पा: परळ

भारतमाताहून उत्तरेला दहा-पंधरा मिनिटं. हा भाग आता हॉस्पिटलांचा म्हणून ओळखला जातो, केईएम १९२६ चं, टाटा मेमोरियल १९४१ चं. हाफकिन इन्स्टिट्यूट ज्या इमारतीत आहे ते एकेकाळचं गव्हर्नर हाऊस, १८९९ मधे तिथे प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. आत सहज सोडत नाहीत, बाहेरूनच.

१८९६ चा प्लेग गिरणगावाच्या दाट वस्तीत फार पसरला आणि मग बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याने बांधलेल्या त्या बीआयटी चाळी. परळच्या पोयबावडीजवळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षं राहिले. इथे उभं राहून एक गोष्ट बरोबरच्या माणसांना जरूर सांगा. साचाखात्यात पगार जास्त असायचा, पण दलित कामगारांना तिथे घेत नसत. कारण धोट्यात, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या शटलमधे, सुताची नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून काढायला लागायचं, आणि बाकीच्यांना तो विटाळ वाटायचा. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आमच्या घरात आजोबांच्या साच्याचं कौतुक ऐकतच मी मोठी झाले, हे मला कॉलेजमधे कळलं आणि तेव्हापासून मी कुणालाही गिरणगाव दाखवताना हे वगळत नाही. त्याच तोंडाने सूत ओढण्यामुळे क्षयही पसरायचा, कापसाचा भुगा छातीत जायचा तो वेगळा.

जवळच दामोदर नाट्यगृह होतं, १९२२ चं, कामगार रंगभूमीचं घरच ते, २०२३ ला पुनर्विकासासाठी बंद केलं. आणि कामगार मैदान आहे, सभांचं. रविवारच्या सुट्टीचा उल्लेखही इथे करावा असं मला वाटतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली आणि १० जून १८९० ला गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली.

पाचवा टप्पा: पश्चिमेला, लोअर परळ

परळ स्टेशनवरून पादचारी पुलाने प्रभादेवीला जा, म्हणजे पूर्वीचं एल्फिन्स्टन रोड. टॅक्सीने पूर्व-पश्चिम करायला जाऊ नका, एल्फिन्स्टनचा जुना रस्त्याचा पूल पाडायला घेतलाय आणि ट्रॅफिक वळवलेलं असतं. संध्याकाळी ६ ते ९ हा पादचारी पूल टाळा. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी ऑफिसं आली, माणसं वाढली आणि स्टेशनं तेवढीच राहिली, २९ सप्टेंबर २०१७ ला इथे चेंगराचेंगरीत २३ जण गेले.

आता सेनापती बापट मार्गाने दक्षिणेला. हा भाग मी असा दाखवते की टॉवर दाखवायचा आणि त्याचं जुनं नाव सांगायचं. ज्युपिटर मिलच्या जागी काचेची ऑफिसं, श्रीनिवास मिलच्या जागी वर्ल्ड टॉवर्स. परळला मोरारजी मिलच्या जागी अशोक टॉवर्स, दादरला कोहिनूर मिलच्या जागी कोहिनूर स्क्वेअर. कमला मिल, तोडी मिल, मथुरादास मिल ही नावं कंपाउंड म्हणून टिकली, जुन्या शेडमधे हॉटेलं आणि ऑफिसं आहेत, आत जाता येतं, वर बघत चाला म्हणजे जुने लोखंडी खांब आणि छपराची कैची म्हणजे त्रिकोणी सांगाडा कुठे कुठे दिसतो.

लोक विचारतात की सगळी जमीन बिल्डरकडे गेली कशी. थोडक्यात: १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होते, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मधे नियम बदलला, वाटे फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेचे धरायचे ठरले, म्हणजे शेड पाडून मिळालेली जमीन त्यात येईना. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००६ मधे तो बदल टिकला. मैदान आणि बाग शोधत ह्या रस्त्यावर चाला, उत्तर आपोआप दिसतं.

मग फिनिक्स. १९०५ ची गिरणी, चिमणी मॉलच्या आवारात उभी आहे. तिच्या पायथ्याशी जाऊन मान वर करून बघा. बरोबर कुणी म्हातारं माणूस असेल तर इथे त्यांना बसायला जागा शोधून द्या आणि जरा वेळ तसंच राहू द्या, माझ्या आजीला मी एकदाच आणलं होतं, ती चिमणीकडे बघत म्हणाली "हिचा भोंगा आमच्या खोलीपर्यंत यायचा" आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

सहावा टप्पा: ना. म. जोशी मार्ग, बीडीडी चाळ

पाय दुखत नसतील तर लोअर परळ स्टेशन ओलांडून पूर्वेला ना. म. जोशी मार्गावर या, जुन्या लोकांचा डिलाइल रोड. इथे बीडीडी चाळी, १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. वरळी आणि नायगावलाही अशाच. पुनर्विकास चालू आहे, वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मधे नव्या घराच्या चाव्या मिळाल्या, ५०० चौरस फुटांची घरं. माणसांना मोठं घर, स्वतःचा संडास मिळतोय, ते मिळालंच पाहिजे. तुम्हाला मात्र जुनी चाळ बघायची असेल तर ह्या वर्षी या, पुढच्या वर्षावर ढकलू नका. परत जायला लोअर परळहून वेस्टर्न किंवा करी रोडहून सेंट्रल, दोन्ही चालत.

घरी गेल्यावर करायचं काम

तुमच्या घरात कुणी गिरणीत असेल, आजोबा, मामा, आत्या, कारण बायकाही होत्या वाइंडिंग-रीलिंगमधे म्हणजे सूत गुंडाळायच्या कामात, तर ह्या फेरफटक्यानंतर आठवड्याभरात त्यांच्याशी बसा. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि सरळ साधं विचारा: गाव कधी सोडलं, कामाला कुणी लावलं, बदली म्हणजे कायम नसलेले, दुसऱ्याच्या जागी काम करणारे किती वर्षं होतात, पहिला पगार किती, खोलीत कोण कोण होतं, जेवायला कुठे. ट्रंकेतले कागद काढा: हजेरी कार्ड, पगाराची पावती, ईएसआयसीचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप, गेटपास, बिल्ला. गिरणी कामगारांच्या घरांच्या अर्जाला हेच कागद पुरावा म्हणून लागतात, त्यामुळे मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, आधी झेरॉक्स. लॅमिनेशन करू नका, जुना कागद त्यात खराब होतो आणि परत काढता येत नाही. दिवसाउजेडी खिडकीशी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि मागच्या बाजूला काही लिहिलंय का ते बघा, आजोबांच्या शेवटच्या पगाराच्या पावतीमागे पेन्सिलने दुधाचा हिशोब आहे.